डावा डोळा, उजवा खांदा

अण्णा दारूनं गेला, असं नांदेडातली काही म्हातारी माणसं अजूनही सांगतात. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दारूला कधी शिवला नव्हता. ही अफवा एका वाक्यातून निघाली, आणि ते वाक्य बोलणाऱ्यापासून चार पावलांवर मी उभा होतो.

निजामीची ती शेवटची वर्षं. खंडेनवमीला घरोघर शस्त्रं पुजली जात. ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका होत्या ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोदावरीकाठच्या माळावर जमत. कुणी एक अंमलदार बदलून जाताना मागं एक यंत्र ठेवून गेला होता. जाड स्प्रिंग, तिला एक लोखंडी हात. त्यातून मातीची चकती भिरकावली जायची आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यानं फोडायची. विलायती चकत्या पहिल्या वर्षीच संपल्या. मग कुंभाराकडून करून घेऊ लागले, पणतीसारख्या पण उथळ. बंदूकवाला "छोड!" म्हणून ओरडला की यंत्राची दोरी ओढली जायची. दर माणशी दहा चकत्या.

अण्णा दरसाल पहिला यायचा. दुसरा यायचा तो एक वकील, आमच्याच गल्लीतला, अण्णाचा शाळासोबती.

त्या वर्षी अण्णाला क्षय झाला होता. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, त्याला, वहिनींना आणि मला, शिवाय डॉक्टरला. माझ्या पुतणीचं लातूरच्या एका घरात जमत आलं होतं आणि क्षयाच्या घरातली मुलगी कुणी करत नसे. अण्णा घरी राहिला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून तो माळावर गेला. त्याचे हात कापत होते. दहातल्या तीन फुटल्या. वकील मोठ्यानं म्हणाला, "काय अण्णासाहेब, सकाळी सकाळीच लावून आलात वाटतं?"

सगळे हसले. अण्णाही हसला. 

मार्गशीर्षात अण्णा गेला. तेराव्याला वकील आमच्या घरी जेवला, हात धुतले, आणि दारातून बाहेर पडता पडता बरोबरच्या दोघांना म्हणाला, "बाटलीनं खाल्लं बिचाऱ्याला." वहिनी दारामागं पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं होतो. त्याच क्षणी मी ठरवलं की हे वाक्य या माणसाला परत गिळायला लावायचं. तेही जिथं तो पहिल्यांदा बोलला तिथंच, त्याच लोकांसमोर, अण्णाच्याच बंदुकीनं.

मी बंदूक कधी धरली नव्हती. अहमदपूरच्या शाळेत मास्तर होतो. मराठी बोलणाऱ्या मुलांना उर्दूतून भूगोल शिकवायचा आणि उरलेला वेळ वाचायचं. परवाना माझ्या नावावर व्हायला तीन महिने गेले. मग अण्णाची दुनळी घेऊन मी गावाबाहेर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या हवालदाराकडे गेलो. फौजेत त्यानं कैक लोकांना नेम शिकवला होता. त्यानं खापऱ्या हवेत फेकल्या, मी बार काढले. एकही लागला नाही.

"मास्तर, समदे बार डावीकडनं जायलेत," तो म्हणाला. "बंदूक ठेवा खाली. माझ्या नाकाकडं बोट रोखा. डोळे दोन्ही उघडे."

मी उजव्या हाताचं बोट रोखलं. त्यानं आपला एक डोळा मिटून माझ्या बोटाच्या रेषेत पाहिलं आणि हसला.

"हात उजवा हाय, पर बोटामागं उभा ऱ्हायलाय डावा डोळा. बंदूक एकाच्या खांद्यावर अन् नेम दुसऱ्याचा. कसं लागंल?"

"मग उपाय काय?"

"डावा डोळा मिटा. न्हाई जमलं तर झाका. त्येबी न्हाई जमलं तर खांदा बदला. पर या वयात त्ये लई जड जाईल तुमाला."

मी आधी डोळा मिटून पाहिला. झाडावर ठेवलेलं मडकं त्यानं फुटलं, पण उडती वस्तू साधेना. एका डोळ्याला तिचा वेग कळत नाही, अंतर कळत नाही. नेम धरेपर्यंत ती खाली आलेली असते. मग झाकून पाहिला. दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवली आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदुकीचं टोक दिसतं तेवढ्याच जागी, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावला. आश्चर्य वाटावं असा गुण आला. दोन्ही डोळे उघडे राहत, पण टोक फक्त उजव्याला दिसे. एकदा तो पुसायचा विसरून मी शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, "चष्म्याला तीट लावली का हो? दृष्ट लागावी असा तर न्हाई तो."

पण मान जरा हलली की ठिपका सरकायचा. घाम आला की काजळी ओघळायची. दहात चार, फार तर पाच. वकिलाला हरवायला ते पुरणार नव्हतं.

राहिला खांदा. मी जन्माचा डावखुरा. वडिलांना ते खपत नसे. जेवताना ते माझा डावा हात आपल्या उपरण्यानं कमरेला बांधून ठेवत, आणि ते उठले की अण्णा येऊन गाठ सोडायचा. दोन वर्षांत मी उजव्या हातानं जेवू लागलो, लिहू लागलो. हात बदलला. डोळा मात्र कुणी बांधला नव्हता.

आता उलटा धडा सुरू झाला. लढाईमुळं काडतुसं मिळत नव्हती, म्हणून आठवड्यातून एकदाच पाच बार. एरवी सकाळी शाळेच्या आधी खोलीचं दार लावून रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावायची, उतरवायची, पुन्हा लावायची. बंदुकीचा लाकडी दस्ता उजव्या गालाच्या बेतानं घडवलेला होता. माझा डावा गाल काळानिळा पडला. हवालदार म्हणाला, सुताराकडून तासून घ्या. अण्णाच्या बंदुकीवर रंधा ठेवताना सुतार थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. म्हणाला, "चीज चांगली हाय, मास्तर. बिघडंल." मी म्हटलं, "चालव."

दर वेळी बंदूक उचलताना मी वकिलाचं वाक्य मनात म्हणायचो. जपासारखं. महिन्या दोन महिन्यांत असं झालं की वाक्य पुरं होण्याआधीच बंदूक खांद्याला लागलेली असे. दोन्ही डोळे उघडे, आणि बंदूक दिसेनाशीच व्हायची. फक्त उडणारी खापरी दिसायची. भाद्रपदात हवालदार म्हणाला, "आता कुणाला मारायचंय त्याला मारा जाऊन." मी त्याला कारण सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला नांदेडला आलो. वहिनी म्हणाल्या, "वर्ष व्हायचंय अजून, भाऊजी. यंदा नका जाऊ." मी गेलो.

माळावर वकिलानं मला लांबूनच पाहिलं. "या मास्तर! आज पुस्तकातून छर्रे सोडणार का?"

मी जवळ गेलो. "वकीलसाहेब, एक शर्त. मी जास्त फोडल्या तर तुम्ही इथंच उभं राहून सांगायचं की त्या दिवशी अण्णा प्यायलेला नव्हता."

त्यानं अण्णाच्या बंदुकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अन् मी जास्त फोडल्या तर?"

"ही बंदूक तुमची."

ती बंदूक त्याला कितीतरी वर्षं हवी होती. "कबूल," तो म्हणाला.

त्यानं दहातल्या आठ फोडल्या. मग मी उभा राहिलो आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. लोकांत खसखस पिकली.

"अरे वा, डावखुरे!" वकील म्हणाला. "तीर्थसुद्धा डाव्या हातावरच घेता काय?"

पहिली चकती रागात गेली. मागून कुणी म्हणालं, "बंदूक गेली मास्तरांची." दुसरी फुटली. तिसरी फुटली. त्यानंतर हसणं थांबलं. नववी फुटली तेव्हा माझ्याही आठ झाल्या. शेवटच्या "छोड!"ला माझाच आवाज मला अनोळखी वाटला. चकती नदीच्या बाजूला वळली, उन्हात आली आणि तिचा भुगा झाला.

मी काडतुसं काढली आणि वकिलासमोर जाऊन उभा राहिलो. तो जमिनीकडे पाहून पुटपुटला, "अण्णा त्या दिवशी प्यायलेले नव्हते."

"ऐकू आलं नाही."

तो पुन्हा म्हणाला.

"पाठीमागच्यांना ऐकू आलं नाही."

तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा लाल झाला होता. एक म्हातारा मला म्हणाला, "पुरे आता, मास्तर." मला पुरे वाटत नव्हतं. दहा महिने मी हाच चेहरा डोळ्यांपुढं आणत आलो होतो. तो आता खरोखरीच समोर होता, आणि मला तो आणखी लाल व्हायला हवा होता.

शेजारी उभा असलेला कापडाचा एक व्यापारी पाणी पीत होता. त्यानं सहज विचारलं, "मग हात का हो कापत होते त्यांचे?"

वकिलानं मान वर केली. "हां, सांगा की मास्तर. मी काय मनचं बोललो? हात तर समद्यांनी पाहिले."

मला त्याला एवढीसुद्धा फट सोडायची नव्हती. मी म्हणालो, "क्षय होता त्याला. क्षयानं गेला तो."

व्यापाऱ्यानं तांब्या खाली ठेवला. तो तांब्या मीच त्याला भरून दिला होता.

घरी येऊन मी वहिनींना सगळं सांगितलं, वकिलाचा आवाज काढून, तीनदा. त्या ऐकत होत्या. शेवटचं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत? स्वतःच्या तोंडानं?"

"त्याला खोटं पाडायचं होतं, वहिनी."

"यांना स्वतःला नव्हतं पाडायचं त्याला खोटं." त्यांनी दार लोटून घेतलं. "त्या दिवशी माळावरून आले अन् म्हणाले, बरं झालं, लोकांना दारू वाटली. दारुड्याच्या मुलीचं लग्न अडत नाही."

पंधरा दिवसांनी लातूरहून पत्र आलं. मुलाची पत्रिका पुन्हा दाखवली, गुण जुळत नाहीत, असं लिहिलं होतं. तीन वर्षांनी पुतणीला उमरीच्या एका बिजवराला दिली. ती त्याबद्दल माझ्याशी कधी एक अक्षर बोलली नाही. वहिनी बोलत राहिल्या, जेवायला वाढत राहिल्या, पण मला विचारल्याशिवाय माझ्या पानावर भाजी घालणं त्यांनी सोडलं.

पुतणीचं स्थळ मी मोडलं, वकिलानं नाही, हे मला कळतं. ते कळल्यानं वकिलावरचा राग कमी झाला, असं मात्र झालं नाही. उलट तो वाढला. त्याच्यामुळंच माझ्या तोंडून तो शब्द निघाला, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि ते सांगताना मला बरं वाटायचं.

पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा माळावर गेलो. या वेळी शर्त नव्हती. कुणी थट्टा केली नाही, कुणी माझ्या फार जवळही आलं नाही. वकील सहावर अडकला, मी दहाच्या दहा फोडल्या. मागायला काही उरलं नव्हतं. तो पिशवी भरून, बंदूक गुंडाळून, वाटेला लागेपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो.