बॉनेटवरचा हात

पत्रा गंजला होता म्हणून घासावा लागला, असं मी तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्याच्याशी खोटं बोललो तो माणूस अजून आहे, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहतो. त्यामुळे झालं गेलं म्हणून सोडून द्यायची सोय नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वाशीला राहायला आलो. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. घर तळमजल्याचं मिळालं आणि मागे चार पावलांचं अंगण. बायकोच्या मनात तिथे कर्दळ आणि कढीपत्ता लावायचं होतं. मी तिथे एक जुना बागेचा ट्रॅक्टर आणून ठेवला. बंगल्यांच्या बागांसाठी, रोपवाटिकांसाठी पूर्वी परदेशातून असले ठेंगणे ट्रॅक्टर यायचे. एका सिलिंडरचं इंजिन, दोरी ओढून चालू करायचं, सीटवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. आता ते भंगारात निघायला लागले होते. पहिला मी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून उचलला. उघडला, धुतला, नव्या पिस्टन रिंगा घातल्या, आणि तीन महिन्यांनी तो सुरू झाला तेव्हा जे वाटलं ते मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून विचारायचे, "काय साहेब, आज कुठली कुंडी नांगरणार?" मी हसून घ्यायचो.

चालू झाला एवढ्यावर माझं भागत नसे. कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा जसा असेल तसाच तो मला हवा असे. ऊन न लागलेला मूळ रंग बहुधा सीटखाली सापडतो. तिथला एक कपचा मी नखाने काढायचो, काड्यापेटीत घालून रंगवाल्याकडे न्यायचो आणि तो रंग जुळेपर्यंत त्याला सोडायचो नाही. मला लांबून बघितलं की रंगवाला चहा सांगायचा. आज वेळ जाणार हे त्याला कळलेलं असायचं.

आता जिथे जुईनगरचं स्टेशन झालंय त्याच्या अलीकडे एक जुनं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याकडे असला ट्रॅक्टर पडून आहे, असं आमच्या खात्यातल्या एका कामगाराने सांगितलं. मी रविवारी गेलो. माणूस पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात बंडी, डोक्याला रुमाल. त्याची बरीचशी जमीन नव्या शहरात गेली होती. घरामागे भाजीपाल्यापुरता तुकडा राहिला होता. ट्रॅक्टर अंगणात, उघड्यावर. मी विकत मागितला. विकायचा नाही म्हणाला. दुरुस्त करून देशील तर ने, म्हणाला. त्याला दसऱ्याला एकदा तो सुरू झालेला बघायचा होता. मग मला बॉनेटजवळ नेऊन त्याने एक अट घातली.

बॉनेटवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात उमटलेला होता. उजवा, बाईचा. करंगळी आत वळलेली. ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी घराच्या दारांना रंग चालला होता. त्याची बायको कुंकू लावायला पुढे आली, कुंकू लावलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, रंगाच्या पसरट डब्यात तिने हात बुडवला आणि बॉनेटवर दाबला. लग्नाकार्यात भिंतीवर पिठाचे हात उठवतात तसा. घासलेटने हात धुताना ती आणि शेजारणी हसून हसून बसल्या होत्या. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"मशीन कसाबी कर," तो म्हणाला, "पन ह्या हाताला हात लावू नको, मेस्त्री."

मी डिप्लोमा झालेला माणूस, पण त्याने मेस्त्री म्हटलेलं मला आवडलं. मी शब्द दिला.

इंजिन सोपं निघालं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत पाणी गेलं होतं, कार्ब्युरेटरमध्ये कुंभारमाशीने घर केलं होतं. गणपतीच्या आत ते फटफटायला लागलं. सीटखाली मला मूळ रंग सापडला, डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल. चाकं, मडगार्ड, नांगराची चौकट, एकेक मी त्या रंगात आणत गेलो. बॉनेट मात्र आधी तसंच ठेवलं. मग हाताभोवती चौकोन सोडून बाकीचं रंगवून पाहिलं. नव्या लाल अंगावर तो विटका, भेगाळलेला चौकोन कपाळावर पट्टी बांधल्यासारखा दिसायचा.

त्याच सुमारास वाशीत फुलझाडांचं प्रदर्शन भरणार होतं. दारात हा ट्रॅक्टर उभा करू, असं आयोजकांनी सुचवलं. मुंबईहून एक वयस्कर गृहस्थ येणार होते, त्यांच्याकडे असल्या यंत्रांचे जुने कॅटलॉग होते. ते आधी घरी येऊन बघून गेले. एकेक नट वाकून बघितला आणि म्हणाले, काम फर्स्ट क्लास आहे. मग चौकोनाकडे बोट करून विचारलं, "एवढंच का राहिलं?"

मी म्हणालो, व्हायचंय अजून.

हा हात कुणाचा, का ठेवला, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मला ते सांगायची लाज वाटली. त्या गृहस्थांसमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी बायको भाजी आणायला गेली होती. मी पॉलिश पेपर पाण्यात भिजवला. आधी फक्त कडा सारख्या करू, असं मी स्वतःला सांगत होतो. मग तळव्याचा खालचा भाग गेला. पांढरं पाणी ओघळून माझ्या मनगटावर आलं. बोटं त्यानंतर. करंगळीपाशी मी थांबलो होतो, हे मला आठवतं. थांबलो, पेपर बदलला, आणि पुढे घासलं.

त्या रंगाखाली पत्रा अगदी धड होता. बाकी बॉनेटवर रंगवण्याआधी जागोजागी गंजाचे ठिपके होते, पण हाताखाली एकही नव्हता. ऑइलपेंटने तो इतकी वर्षं राखला होता. घासल्यावरही क्षणभर हाताचा आकार दिसत होता, बाकीपेक्षा चकचकीत. त्यावर मी प्रायमर मारला.

बायको आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, तो हात कुठे गेला? मी म्हणालो, आतून गंज होता, पापुद्रा निघून आला. ती चुकचुकली आणि आत गेली. माझं खोटं पहिल्या प्रयत्नात खपलं, म्हणून दुसऱ्यांदा सोपं गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तो शेतकरी गावाहून चालत आला. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. माणसं ट्रॅक्टरभोवती उभी होती, कॅटलॉगवाले गृहस्थ कुणाला तरी काही समजावून सांगत होते. तो एक फेरी मारून बॉनेटपाशी थांबला आणि जिथे हात होता त्याच जागेवर त्याने आपला तळवा ठेवला. चुकून दुसरीकडे ठेवला नाही.

"हात कुठं?"

"पत्रा गंजला होता, काका," मी म्हणालो. "पापुद्र्याबरोबर निघाला. माझा इलाज नव्हता."

तो रागावेल असं मला वाटलं होतं, त्याची मी तयारी केली होती. त्याने तळवा पत्र्यावरून काढून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती गेली न मीच हा भाईर टाकला. दोन पावसालं भिजला. माजीच चूक हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, एवढं खरं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं अभिनंदन केलं आणि मी तिकडे वळलो. निघताना त्याने पिशवी माझ्या हातात दिली. नव्या शहरात गेलेल्या त्याच्या खाडीकाठच्या खाजणातला शेवटचा लाल तांदूळ होता, मशीन चालू केल्याबद्दल. आम्ही तो आठवडाभर खाल्ला. बायको म्हणाली, चव काय आहे या भाताला.

दसऱ्याला त्याने बोलावलं. ट्रॅक्टर त्याच्या घरी परत गेला होता. अंगणात त्याने नवे बांबू उभे करून वर पत्रे टाकले होते, ट्रॅक्टर त्याच्याखाली. झेंडू, नारळ, कुंकू, सगळं झालं. मी दोरी ओढली, इंजिन लागलं, पोरं ओरडली. नंतर पानावर जेवायला बसलो असताना त्याने शेजारच्या एका शेतकऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. त्या शेजाऱ्याचा पाण्याचा पंप उघड्यावर होता.

"झाकून ठेव रं. मी नाय ठेवला. तिचा हात गंजानं खाल्ला."

मला वाढलेलं मी सगळं संपवलं. पानात टाकलं तर वाईट दिसेल म्हणून.

त्यानंतर मी एकही ट्रॅक्टर केला नाही. अंगणात कढीपत्ता आहे. लोकांना मी सांगतो की पाठ दुखते. दर दसऱ्याला त्याच्याकडून निरोप यायचा, मी काही ना काही कारण सांगायचो, मग निरोप येईनासा झाला. गेल्या वर्षी तो मला बाजारात भेटला. नातवाचा हात धरून चालत होता, डोळ्यांना कमी दिसतं म्हणाला. मशीन अजून शेडखाली आहे, दर महिन्याला पुसतो, म्हणाला. मी बरं म्हणालो, आणि घाईत असल्यासारखं केलं.

हात मी परत आणू शकत नाही. पण दोन पावसाळ्यांची जी चूक तो इतकी वर्षं आपली समजून बसलाय, ती त्याची नाही. त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या तोंडावर, तो पत्रा धड होता आणि मी तो घासला, एवढं मला त्याला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.