इस्तारी निदेशकाचं अर्धं जाळं

नाव: इस्तारी. जात: ढीवर. वय: अंदाजे पस्तीस. शिक्षण: निरंक. हुद्दा: मूलोद्योग निदेशक, मानद, म्हणजे पगार नाही. कार्यक्षेत्र: नागभीडपासून तीन कोसांवरील तळ्याकाठची बुनियादी शाळा. अपत्ये: एक कन्या, गोकुळा, इयत्ता चौथी. वर्तणूक: चांगली. विशेष गुण: सांगितलेले ऐकतो.

सन चोपन्नपर्यंत ती शाळा नुसतीच शाळा होती. पोरं पाढे म्हणत, मार खात आणि घरी जात. मग वरून हुकूम आला की शिक्षण हाताच्या कामातून द्यायचं, आणि काम त्या त्या गावचंच असावं. हेडमास्तर गुणवंतराव प्रशिक्षणाहून हे सगळं मन लावून ऐकून आले होते. गुरुजी प्रामाणिक होते. त्यामुळेच नुकसान जास्त झालं. त्यांनी तळ्याकडे पाहिलं आणि जाळं विणणं हा मूलोद्योग ठरवला.

दुसऱ्या दिवशी लटारू पाटील शाळेत हजर.

"गुरुजी, आमची पोरं जाळे इनतीन, मंग ढीवर का करतीन? पाटीलकी?"

गुरुजींनी तडजोड काढली. कुणब्यांच्या पोरांना बागकाम दिलं. बाग नव्हती, म्हणून ती आंब्याखाली बसून पुस्तकं वाचत. जाळं ढिवरांच्या पोरांकडे राहिलं. घरी करत होती तेच ती शाळेत करू लागली. फरक एवढाच की शाळेच्या जाळ्यात मासा येत नसे.

शिकवायला इस्तारीला नेमलं. त्याला खुर्ची मिळाली. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसे.

त्याला एकच गोष्ट हवी होती: गोकुळानं चौथी पास व्हावं. नागभीडला त्याची बहीण कमळा रेल्वेच्या एका बाबूकडे पाणी भरत असे. ती म्हणाली होती, "दादा, पोरगी चौथी पास होऊ दे, पाचवीत मी टाकतो तिले. पाण्यात नको उभी करू." इस्तारी शाळेत फुकट राबायला तयार झाला तो याच हिशेबानं, की गुरुजी पोरीकडे लक्ष देतील. गुरुजींनी दिलंही.

तिथल्या ढिवरांत एक रीत होती. जाळ्याची पहिली गाठ ज्या हातानं घातली, शेवटचीही त्याच हातानं घालायची. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, आणि जाळं अर्धं टाकून गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर तळं एक माणूस ठेवून घेतं. इस्तारीचा भाऊ पोचू अर्धं जाळं खुंटीला लावून आलापल्लीच्या जंगलात लाकूडतोडीला गेला होता. परत आला, पाण्यात उतरला, एवढंच लोकांनी पाहिलं.

इस्तारीनं ही रीत वर्गात सांगितली. गुरुजी भारावले. त्यांनी तळं, शीव आणि पोचू वगळून फळ्यावर सुविचार लिहिला: हाती घेतलेले काम पुरे केल्याशिवाय उठू नये.

एप्रिलात चौथीची परीक्षा नागभीडला ठरली, आणि त्याच दिवशी शाळा पाहायला मोठे साहेब येणार होते. साहेबांपुढे मांडायला एक मोठं जाळं हवं म्हणून गुरुजींनी आठवडाभर आधी गोकुळाला पहिली गाठ घालायला लावली. तिचा हात सगळ्यांत साफ होता.

"परीक्षेआधी होईल ना, निदेशक?" त्यांनी विचारलं.

निदेशक म्हणून कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. इस्तारी म्हणाला, "होते ना, गुरुजी."

झालं नाही. परीक्षेच्या सकाळी गोकुळाची बोटं चिरली होती आणि जाळं दोन हात बाकी होतं. लटारू पाटलांची बैल जुंपलेली बंडी नागभीडला जायला शाळेपुढे उभी, आत कुणब्यांची पोरं.

"काप ते जाळं," गोकुळाची माय रंभा म्हणाली.

"सरकारचं आहे ते."

"मंग तू पुरं कर."

"माह्या हाताचं नाई ते."

"पोरगी तं तुह्या हाताची आहे ना!"

"बाबा, जाऊ का मी?" गोकुळानं विचारलं.

इस्तारीनं गुरुजींकडे पाहिलं.

"परीक्षा पुढल्या वर्षीही असते, इस्तारी," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "साहेब पुढल्या वर्षी येतीलच असं नाही."

"ए निदेशक!" पाटील बंडीवरून ओरडले. "पोरगी बसवतं का हाकू?"

इस्तारी गुरुजींकडेच पाहत राहिला. पाटलांनी हाकली.

दुपारी साहेब जीपमधून उतरले. जाळं पाहून खूश झाले. त्यांनी गोकुळाला फळ्यावरचा सुविचार वाचायला सांगितला. ती कुठेही न अडखळता वाचून गेली.

"अर्थ सांग."

गोकुळानं गाठीवरून नजर काढली नाही. "उठलं तं माणूस मरते."

साहेब हसले. "प्रतीकात्मक आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. साहेबांनी शेरा लिहिला की वाचन उत्तम आहे आणि श्रम व ज्ञान यांचा संगम येथे साधलेला दिसतो.

ते गेल्यावर तासाभरात जाळं पुरं झालं. गुरुजींनी ते कपाटात ठेवलं.

पुढल्या वर्षीची परीक्षा आली तोवर गोकुळा सासरी गेली होती, दुसऱ्या एका तळ्यावर, जाळं ओढायला. त्याच महिन्यात सदरहू निदेशक इस्तारी यांस शिक्षणविषयक नि:स्वार्थ सेवेबद्दल खात्यातर्फे प्रशस्तिपत्र देण्यात आले.

ते वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं.