तळ नसलेलं पत्रक

शेवटच्या भेटीत नाना शुद्धीवर होते. पनवेलच्या एका दवाखान्यात त्यांचा उजवा पाय चादरीखाली झाकलेला होता, वास मात्र झाकता येत नव्हता. डॉक्टरांनी मला विचारलं, इन्सुलिन कधीपासून बंद आहे? मी नानांकडे बघितलं. "तीन मैने झालं," ते म्हणाले. "तूच पाठवलास ना तो काढ्याचा व्हिडिओ." दोन दिवसांनी नाना गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

तो व्हिडिओ मीच पाठवला होता. बघितला मात्र नव्हता. रिक्षाची वाट बघत उभी असताना कुठूनतरी आला, मथळा वाचला आणि घरच्या ग्रुपवर ढकलला...

नाना माझे थोरले काका. कोन गावातली आमची शेती प्रकल्पात गेली, तेव्हाच्या आंदोलनात त्यांनी गावोगाव पत्रकं वाटली. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. कुठलंही पत्रक हातात आलं की ते आधी तळ वाचायला लावायचे. कुणी काढलं, कुठं छापलं, नाव आहे की नाही? नाव नसेल तर पुढं वाचायचं नाही. स्वतः लिहिलेलं पत्रक छापखान्यात देण्याआधी ते काकीला मोठ्यानं वाचून दाखवत. काकीला वाचता येत नाही. "तिला कलला नाय तर छापायचा नाय," हा त्यांचा कायदा. काकी मिठाच्या पिंपात हात घालून मासे चोळत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "ह्यो शब्द तुमाला तरी कलला काय?" नाना मुकाट्यानं शब्द खोडायचे. एका पानाला आठवडा लागायचा. विचार करायला एवढा वेळ लागतो, हे मी त्या घरात शिकले.

नाना-काकी करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर फोन मीच नानांना घेऊन दिला. वाटलं, जगभरचं वाचतील. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "याचा तल कुठं हाय गो?" मी हसले. "नाना, याला तळ नसतो. अंगठ्यानं वर सरकवा, पुढचं येतं." किती सहज सांगितलं मी हे!

मग पुढचं येतच राहिलं. वर्षभरात नानांचा पेपरातला अग्रलेख अर्ध्यावर सुटू लागला. वाद घालताना समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस पहिल्याच वाक्याला चिडू लागला. गावठाणातल्या घरांसाठी पत्रक हवं म्हणून कोन गावची माणसं आली, तेव्हा नाना दुपारभर कागदासमोर बसले आणि चार ओळींवर थांबले. "सुचत नाय गो. डोक्यात सगली एकदम बोलतान." ते घाबरले होते. मी त्यांना म्हटलं, वय झालं. मी तेव्हा त्यांचा फोन काढून घ्यायला हवा होता, शेजारी बसायला हवं होतं. मी स्वतःच्या फोनकडे बघत होते.

दवाखान्यात मी विचारलं, "नाना, तुम्ही नाव नसलेलं कधी वाचत नव्हता. मग हे कसं मानलंत?"

"नाव व्हता ना," ते म्हणाले. "तुझा."

आंदोलनात पत्रक ओळखीच्या हातातून आलं की ते खरं धरायची आमच्याकडची रीत. ज्यानं दिलं त्यानं वाचलेलं असणारच, हा त्यामागचा भरवसा. नाना त्या भरवशावर गेले. ज्यानं तो व्हिडिओ बनवला त्याला मी शिव्या देते, रोज देते, पण त्याचा हात नानांच्या ओळखीचा नव्हता.

मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं: 'काढ्याचा व्हिडिओ मी न बघता पाठवला होता. नाना त्यानं गेले. कुणीही औषध बंद करू नका.' खाली सात जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. आठव्यानं सांधेदुखीचा उपाय पाठवला.

तो मेसेज नानांच्या फोनवरही वाजला. फोन त्यांच्या खाटेवर, उशीपाशी असतो आणि काकी रोज तो शेजारणीकडून चार्जिंगला लावून घेते. मी तो बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"वाजू दे गो. घरात कोन तरी हाय असा वाटतं."

मी हात मागे घेतला.