उताराच्या कडेने

टेबलाच्या काठावरून तळहात हळूहळू सरकवत ते म्हणायचे, "पाणी उतरत नाही, भाऊ. वळते."

देवरीच्या शाळेतले आमचे हे भूगोलाचे सर. समुद्रापासून इतक्या लांब, जंगलाला लागून असलेल्या गावात त्यांना समुद्राशिवाय काही सुचत नसे. किनाऱ्यालगत तळ उथळ असतो, मग खोल जाणारा उतार लागतो. पण तिथला प्रवाह घसरून खाली जात नाही; पृथ्वीच्या फिरण्याने वळतो आणि उताराच्या कडेकडेने लांबवर वाहत राहतो. हे ते इतक्या हळू आवाजात सांगत, की खिडकीबाहेरची मोहाची झाडं मला पाण्यात उभी असल्यासारखी वाटत. शिक्षकखोलीतला चहा गार होऊन जाई.

आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो. तुम्हीही हसला असता.

एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. बंगालच्या उपसागरात, वादळात डेकवरून पाण्यात गेला. सापडला नाही. म्हातारी माय तेव्हापासून जमिनीवर झोपायची.

"पोरगा तिकडं चिखलात पडून हाय. मी कायले खाटेवर झोपू?"

सर तिच्याजवळ बसले. "माय, तिथचं पाणी थांबत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी वरतं उत्तरेकडं जाते, दिवाळीनंतर खालतं दक्षिणेकडं."

"मंग तो फिरून राहिला म्हन."

सरांनी तळहात जमिनीवरून हळूहळू सरकवला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "पाणी तं फिरून राहिलं, माय."

"तेवढंच सांग ना मंग!" म्हातारी करवादली. मग उठली आणि सुनेला म्हणाली, "खाट टाक."

निवृत्त झाल्यावर सर मायला आणि बायकोला घेऊन विशाखापट्टणमला गेले. आठवडाभरासाठी म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मायचा पाय तिथून निघेना, म्हणून किनाऱ्याजवळच खोली घेतली.

परवा मी फोन केला. "काऊन सर, देवरी विसरले का?"

"थांबा," ते म्हणाले. "माय बोलून राहिली."

"कोणाशी?"

त्यांनी फोन पुढे धरला असावा. आधी नुसता लाटांचा आवाज आला. मग म्हातारीचा, कोणाला तरी दटावणारा:

"हळू ने रे बाबा पोराले. पाण्याचं भेव लागते त्याले."