कंटेनरची खोली आणि काचेचं घर

काळेवाडीतून आम्ही सकाळी सातला निघालो. स्कूटरवर पुढे मी, मागे सुनंदा, आणि दोघांच्या मध्ये कपड्यांची बॅग. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. थंडीला नुकती सुरुवात झाली होती आणि पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या नाशिक फाट्याच्या दिशेने धावत होत्या. मीही अठ्ठावीस वर्षं अशाच बसने चाकणला जात होतो. त्या दिवशी त्याच रस्त्याने सुट्टीवर निघालो होतो, याचं मलाच नवल वाटत होतं.

सुनंदा माझी पत्नी. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी मूळचा लातूरकडचा, ती बार्शीची. ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांची सीट कव्हर शिवायची. गेल्या वर्षी मशीनची सुई तिच्या बोटात आरपार गेली आणि तिने काम सोडलं. बोट भरून आलं, पण त्या निमित्ताने डोळे तपासले तेव्हा कळलं की काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्या डोळ्याची नजर कडांकडून मिटत चालली होती. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. पण फिरायला जायचं असेल तर लांबवू नका."

हे मी नाशिकला मुलीला, प्राजक्ताला सांगितलं. तिने फोनवरच दोन मुक्काम ठरवून टाकले. "बाबा, लॉजवर नका राहू. आईला काहीतरी वेगळं दाखवा," असं तिचं म्हणणं. भामा आसखेडच्या धरणाच्या एका काठावर जुन्या कंटेनरची खोली आणि दुसऱ्या काठावर काचेचं गोल घर. मी महिनाभर नकाशे बघत होतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात मी प्रवासवर्णनं लिहितो, त्यामुळे वहीही घेतली होती.

मोशीपर्यंत रस्ता बरा होता. चाकणच्या चौकात मात्र नेहमीसारखं अडकलो. ट्रेलर, टँकर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या रिक्षा. अर्धा तास आम्ही एका ट्रकच्या मागच्या चाकाशेजारी उभे होतो. आंबेठाणच्या रस्त्याला लागल्यावर मी मान वळवून सुनंदाला एकेक दाखवू लागलो. ही नवी शेड, हा पाण्याचा टॉवर, ही आमची कंपनी. "हो, दिसली," असं ती दर वेळी म्हणत होती.

करंजविहिऱ्यानंतर शेड संपल्या आणि भातखाचरं सुरू झाली. "भात कापलाय वाटतं," ती म्हणाली. वास आला होता. मग एका वळणावर धरणाचं पाणी एकदम समोर आलं, काठोकाठ भरलेलं, सह्याद्रीच्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं. मी स्कूटर थांबवली. सुनंदा खाली उतरली, पदर सावरून पाण्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आलो ते बरं झालं.

कंटेनरची खोली टेकाडाच्या उतारावर होती. वीस फुटी पेटी, निळा रंग. ज्या पेट्यांमध्ये मी जन्मभर माल भरून घेतला, त्यांतलीच एक. दरवाज्याचे उभे दांडे, रबराची पट्टी, पन्हाळी पत्र्याच्या भिंती, सगळं ओळखीचं. फक्त एक बाजू कापून तिथे काच बसवली होती आणि आत पलंग, पडदे, छोटं बाथरूम. मी हौसेने सुनंदाला सांगू लागलो की सील कुठे लागतं आणि आतला माल सरकू नये म्हणून काय करतात. आत शिरताना तिचं कपाळ चौकटीवर जोरात आपटलं. टेंगूळ आलं. "एवढं ठेंगणं दार असेल असं वाटलं नाही," ती म्हणाली. मी रुमाल ओला करून दिला. दार ठेंगणं नव्हतं, पण तिचा पाय उंबऱ्याला अडखळून ती बाजूच्या चौकटीवर आदळली होती. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

जेवण हिराबाई घेऊन आल्या. साठीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. मालक पुण्याचे, खोलीची सगळी देखभाल हिराबाईंकडे. बाजरीची भाकरी आणि मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेली वडी, नावात मास असलं तरी शाकाहारी) आणि वर झणझणीत रस्सा. सुनंदा बोटांनी ताटात चाचपत सावकाश जेवली. रस्सा कढत असेल म्हणून, असं मी समजलो.

दुपारी पत्रा तापला तसे आम्ही तिघं बाहेर आंब्याच्या सावलीत जाऊन बसलो.

"तुमी कुठलं म्हणायचं?" हिराबाईंनी विचारलं.

"काळेवाडीचे."

"कंपनीवालं?"

"होतो. आता घरीच."

हिराबाईंनी पाण्याकडे बोट केलं. "आमचं गाव हितंच व्हतं. त्या टेकाडाच्या अंगाला. मारुतीचं देऊळ व्हतं, म्होरं तालीम व्हती. माझं लगीन त्या देवळाच्या म्होरं लागलं. आता समदं पाण्यात हाय."

"देवळाचा कळस दिसतोय की," सुनंदा म्हणाली. "झेंडा पण आहे वर. छान दिसतोय."

हिराबाईंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी सपाट होतं. काठापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"न्हाई ताई," हिराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता धरण भरल्यालं हाय. कळस मे म्हैन्यात दिसतो, त्यो बी पाणी लई खाली गेलं तर."

 सुनंदाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मीच घाईने म्हणालो, "पाण्यावर काहीतरी तरंगतंय खरं. लांबून तसं वाटतं."

"असंल," हिराबाई म्हणाल्या आणि भांडी गोळा करू लागल्या.

संध्याकाळी मी वहीत धरणाचं वर्णन लिहिलं आणि स्वतःची समजूत घातली. एकच डोळा, त्यात पाण्यावर ऊन चमकत होतं, माणसाला भास होऊ शकतो. डॉक्टरांनी उरलेली नजर आहे असं सांगितलं होतं. मी त्या शब्दांना धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी धरणाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या काठावर गेलो. हे ठिकाण जरा थाटाचं होतं. चाळिशीचे एक मॅनेजर हसतमुखाने सामोरे आले. "सर, चारी बाजूंनी व्ह्यू आहे. पलंगावर पडल्या पडल्या सूर्योदय बघा," असं म्हणत त्यांनी घर दाखवलं. त्रिकोणी काचांचे तुकडे जोडून केलेला मोठा घुमट, मधोमध गोल पलंग, बाथरूमसाठी मागे लाकडी खोपटं. दारही काचेचंच, भिंतीत ओळखू न येणारं. दुपारभर आत उकडलं, पडदे ओढून बसावं लागलं. संध्याकाळी पडदे उघडले तेव्हा डोंगर जांभळे झाले होते. मी तिच्याशेजारी बसून रंग सांगत राहिलो. ती "हं" म्हणत होती, आणि माझा हात तिने घट्ट धरला होता.

सकाळी मला लवकर जाग आली. सुनंदा झोपली होती. चहा आणावा म्हणून मी वरच्या अंगाला असलेल्या स्वयंपाकघराकडे गेलो. तिथल्या बाईंनी गवती चहा घालून दोन कप भरून दिले. ते सांभाळत मी पायवाटेने उतरत होतो, तेव्हा घुमट समोर आला. पलीकडे सूर्य नुकता डोंगरावर आला होता, सगळं धरण उजळलं होतं आणि काचेच्या आत सुनंदा उभी होती.

ती काचेवर उजवा तळवा ठेवून हळूहळू पुढे सरकत होती. दोन काचांमधली लोखंडी पट्टी लागली की थांबायची, पट्टी वरून खालपर्यंत चाचपायची, मग पुढची काच. ती दार शोधत होती. दाराची मूठ कमरेच्या खाली होती, तिचा हात खांद्याच्या उंचीवर. ती दारावरून पुढे निघून गेली. फिरत फिरत माझ्या बाजूला आली. आमच्यात जेमतेम दहा पावलांचं अंतर असेल. मी कप धरलेला हात वर केला. तिचा चेहरा माझ्याकडेच होता. डोळे माझ्यावरून गेले, थांबले नाहीत, आणि ती पुढच्या काचेकडे सरकली.

मी हाक मारली नाही. हाक मारली तर मी पाहिलं हे तिला कळेल, एवढंच डोक्यात होतं. तिने पुन्हा तशीच फेरी सुरू केली. पुन्हा दार चुकलं. मग ती काचेला पाठ टेकून खाली बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत राहिली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात कुणी आपलं नाव पुकारेल म्हणून माणसं बसतात तशी ती बसली होती.

मी चपला आपटत, खाकरत दार उघडलं.

"आलात? चहा आणला?" ती लगेच उठली. "काय सुंदर दिसतंय हो बाहेर सगळं."

मी कप खाली ठेवले. "सुनंदा, दार तुझ्या डाव्या हाताला आहे. मूठ खाली आहे."

 तिने विचारलं, "कधीपासून उभे होतात?"

"होतो थोडा वेळ."

"घरी मला सगळं पाठ आहे," ती म्हणाली. "गॅस, देव्हारा, मोरी, सगळं. इथं एक कोपरा म्हणून नाही. कुठून निघाले तेच कळंना."

"कधीपासून असं?"

"गणपतीपासून. उजेड कळतो, अंधार कळतो. बाकी काही दिसंना झालंय."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही नकाशे घेऊन बसला होता. रोज संध्याकाळी सांगायचात, हे बघू, ते बघू. मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, जाऊन येऊ. तुम्ही बघाल."

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी सुनंदाला सुईत दोरा ओवता येईना म्हणून आम्ही काळेवाडीतल्या चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने तीन-तीनदा तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, हा नंबरचा प्रश्न नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा, लवकर दाखवा." मार्च होता. माल रवाना करणाऱ्या आमच्या डिस्पॅच खात्याला मार्चमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. मी म्हटलं, एप्रिलमध्ये जाऊ. एप्रिलमध्ये रविवारचा ओव्हरटाइम निघाला. मग प्राजक्ताचं लग्न ठरलं. सुनंदाने मध्ये दोनदा विचारलं, "जायचं का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "जाऊ गं." नवा चष्मा तेवढा आणून दिला.

त्या काचेच्या घरात मी तिला विचारलं, "तेव्हाच गेलो असतो तर?"

ती नाही म्हणेल, नशीब म्हणेल, तुमचा काय दोष म्हणेल, असं मला वाटलं होतं. एकतीस वर्षांत तिने मला कशाचाच दोष दिला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा गेलो असतो तर राहिली असती थोडी. डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलंय."

चहा गार झाला. तो कुणी प्यायलं नाही. बाहेर ऊन वर चढत होतं, बगळे काठावर उतरत होते, आणि ते सगळं आमच्या भोवती चारी बाजूंनी होतं.

आम्ही नाश्त्याला थांबलो नाही. मॅनेजर म्हणाले, "सर, अकरापर्यंत थांबू शकता, बोटिंग पण आहे." मी त्यांचे आभार मानले आणि बॅग घेतली. परतीच्या रस्त्यावर मी काही बोलत नव्हतो. आंबेठाण गेल्यावर सुनंदाने मागून खांद्यावर हात ठेवला.

"गप्प का? सांगत चला की."

"काय सांगू?"

"आहे ते सांगा."

समोर ट्रक होता. मी म्हणालो, ट्रक आहे. त्याच्या पुढे अजून एक ट्रक आहे. उजव्या बाजूला शेड आहे, पत्र्याची. तिने "हं" म्हटलं. चाकणच्या चौकात पुन्हा अडकलो, तिथे मी तिला गाड्यांचे नंबर वाचून दाखवले. दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. सुनंदाने कुलूप उघडलं, बॅग नेमकी पलंगाखाली सरकवली आणि तोंड धुऊन आली. पदराने चेहरा पुसत असतानाच प्राजक्ताचा फोन आला. मी उचलणार होतो, पण तिने हात पुढे केला.

"आवडलं ना आई?" प्राजक्ताचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता.

सुनंदा खुर्चीवर बसली आणि सांगू लागली. धरण कसं निळंशार होतं, सकाळी पाण्यावर धुकं कसं होतं आणि ते कसं हळूहळू उठलं, पलीकडच्या काठावर दोन होड्या होत्या, एक लाल, एक पांढरी, आणि लाल होडीत एक म्हातारा जाळं टाकत होता. धुकं नव्हतं. होड्याही नव्हत्या. यातलं काहीच मी तिला सांगितलेलं नव्हतं. ती पंधरा मिनिटं बोलत होती, हसत होती, मध्येच म्हणाली, "तू पाहिजे होतीस गं." शेवटी फोन माझ्याकडे दिला.

"बाबा, आई किती खूश आहे," प्राजक्ता म्हणाली. 

"हो," मी म्हणालो.

फोन ठेवून मी सुनंदाकडे पाहत राहिलो. तिला ते कळलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली होती, तांदूळ धुवायला घेतले होते. गेल्या चार वर्षांत खिडकीत उभं राहून ती मला कितीतरी गोष्टी दाखवत आली होती. समोरच्या गच्चीवरची फुलं, कुणाचे नवे पडदे, पश्चिमेचे ढग. मी पेपर वाचत "हो, छान आहे" म्हणायचो. मान वर करून मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यातलं काय खरोखर तिथे होतं, हे आता मला कधीच कळणार नाही.