वास घेऊ द्या पयले

रशीदभाईंकडे कुठलंही यंत्र नेलं की ते आधी त्याला नाक लावायचे. मिक्सर असो, टीव्ही असो की कॉम्प्युटर. आपण तक्रार सांगायला तोंड उघडलं की हात वर करून म्हणायचे, "वास घेऊ द्या पयले, मंग बोला." आमची ओळखही अशीच झाली. शाळेचा कॉम्प्युटर ऐन निकालाच्या दिवसांत बंद पडला, तो मी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेरच्या बसस्टँडजवळ त्यांच्या दुकानात नेला. त्यांनी मागच्या जाळीला नाक लावलं आणि शांतपणे सांगितलं, "सर, पाल हाय आत. मेली तिले आठ दिवस झाले." उघडलं तर खरंच पाल. मी नाकाला रुमाल लावला तसे ते खो खो हसले.

रेडिओपासून सुरुवात करून ते टीव्हीवर आणि तिथून कॉम्प्युटरवर आले होते, तेही कुणी न शिकवता. गावात कुणी नवीन वस्तूच्या वारंटीचं कौतुक केलं की त्यांना राग यायचा. "कागदाची वारंटी कायले पायजे? मी आहो ना!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते खरंही होतं, डोळे होते तोवर.

मग साखरेने डोळे धरले. त्यांच्या बायकोने, शमीमभाभीने, मला एकदा दारातच सांगितलं की डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलंय. रशीदभाई मात्र मानायला तयार नव्हते. काढलेले स्क्रू ते स्टीलच्या वाटीत टाकायचे आणि आवाजावरून लहान-मोठा ओळखायचे. सगळ्या नेरला हे कळलं होतं, पण तोंडावर कुणी बोलत नव्हतं. लोक फक्त कूलर आणि मिक्सर आणायला लागले. मोबाइल, लॅपटॉप गुपचूप अमरावतीला जायला लागले. एवढा मान राखला म्हणजे पुष्कळ झालं असं आम्हाला वाटे.

त्याच सुमारास माझ्या मुलीला, मृणालला, पुण्याला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. तिला एक लाख चाळीस हजारांचा, वहीएवढा पातळ लॅपटॉप हवा होता. रशीदभाईंना विचारल्याशिवाय मी साधा बल्बही घेत नसे. आम्ही दोघं दुकानात गेलो आणि वाद पेटला.

"रॅम वाढवता येते का त्याची?"

"नाही चाचा, बोर्डावरच जोडलेली असते. पण आहे तीच भरपूर आहे."

"अन् बॅटरी?"

"आत चिकटवलेली. पण पंधरा तास चालते."

"चालन ना. बंद पडली मंग? बेटा, जे वस्तू उघडता येत नाई ते तू इकत नाई घेतली, किरायानं आनली." त्यांनी मला धरलं. "सर, पासष्ट हजारात जाडा, मजबूत भेटते. काहून दुप्पट पैसे देता? त्याले मी दहा वर्स मरू देत नाई."

"चाचा, जाड्यावर माझं एक मिनिटाचं चित्र तयार व्हायला अख्खा दिवस जाईल. रंगही खरे दिसत नाहीत," मृणाल म्हणाली आणि तिने मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी मोबाइल पार नाकाशी नेला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चांदीसारखा पांढरा हाय. दोन दिवसांत डाग पडून जातीन."

फोटोतला लॅपटॉप काळा कुळकुळीत होता. मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. वाद तिथेच थांबला, आणि आम्ही तोच काळा लॅपटॉप घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत मृणाल घरी आली आणि लॅपटॉप चार्ज होईनासा झाला. वारंटी होती. कंपनीचं सेंटर अमरावतीला, एस.टी.ने जाऊन दिवसात परत येता आलं असतं. पण त्यासाठी रशीदभाईंच्या दुकानावरून पिशवी घेऊन बसस्टँडवर जायचं होतं, आणि ते माझ्याच्याने होईना. निदान त्यांना वास घेऊ दे, म्हणून मी मृणालला घेऊन आत शिरलो.

"वारंटी हाय ना सर? तरी माह्याकडे आनला?" त्यांचा चेहरा असा उजळला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. त्यांनी कडेकडेने वास घेतला आणि एका जागी बोट ठेवलं. "चार्जिंगच्या तोंडापाशी जळलं. लहान काम हाय."

इथे मी लॅपटॉप पिशवीत टाकून निघायला हवं होतं. मी म्हणालो, "बघा मग उघडून."

स्क्रू त्यांनी बोटांनी चाचपून काढले, एकेक वाटीत वाजला. झाकण उघडलं. आत तारांची कागदासारखी पातळ पट्टी होती, झाकणाला चिकटलेली. त्यांना ती दिसलीच नाही. टर्रकन आवाज झाला. तरी ते चिमटा घेऊन पुढे गेले, चिमटा बोर्डावर घसरला, पुन्हा गेले. मग बोट फिरवता फिरवता थांबले.

"बेटा, हे तुटलं का माह्या हातानं?"

"नाही चाचा, आधीच तुटलेली होती," मृणाल म्हणाली. तिचं तीन महिन्यांचं काम त्यात होतं.

त्यांनी झाकण लावलं. स्क्रूंची वाटी तिच्यापुढे सरकवली. "अमरावतीले न्या. मी उघडला म्हनून सांगजा. लपवजा नोका."

सेंटरवाल्यांनी वारंटी नाकारली. बोर्ड गेला होता, आतलं कामही गेलं. तिथला माणूस म्हणाला, मुळात चार्जिंगचा एक बारीकसा भागच जळला होता. मृणालने पुण्याला जाऊन कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सगळं पहिल्यापासून केलं आणि एका शब्दाने मला बोल लावला नाही.

रशीदभाईंनी त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. पाय सुजले, मग खाटच धरली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "झाला का पोरीचा लॅपटॉप?"

"झाला ना. मस्त चालतो," मी म्हणालो.

"आना ना एखाद डाव. हात लावून पायतो."

दुसऱ्या दिवशी मी घरी पडून असलेला तो मेलेला लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांना आता दिसत नव्हतं. त्यांनी तो छातीवर घेतला, सावकाश कडा चाचपल्या, आणि चार्जिंगच्या तोंडापाशी नाक नेलं. दोनदा खोल वास घेतला. शमीमभाभी दारात उभी होती.

"बढिया काम केलं अमरावतीवाल्यायनं," शेवटी म्हणाले. "पोरीले सांगजा, चाचानं पास केला." आणि लॅपटॉप मला परत दिला.

पुढच्या महिन्यात ते गेले.

लॅपटॉप परत घेऊन त्यांच्याकडून निघालो होतो, त्या दिवशी गल्लीच्या वळणावर मी थांबलो आणि तो नाकाशी धरला. जळल्याचा वास मलासुद्धा आला.