शिवणाच्या नावाखाली वायरिंग

मोठी माणसं परत शिकायला बसली की किस्से साचतातच. आमच्या सेंटरमधले बहुतेक भीतीचे आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच भीतीचे. धरमपेठेत एक संस्था नाममात्र फीमध्ये मोठ्या माणसांसाठी कोर्स चालवते: शिवण, ब्यूटी पार्लर आणि वायरिंग. वायरिंग मी शिकवतो, आणि करंटला सगळ्यात जास्त मीच घाबरतो.

*

पहिल्या दिवशी कन्हानच्या वनिताताई दाराबाहेरच उभ्या राहिल्या. चाळिशी उलटलेली, शाळा आठवीत सुटलेली. मला वाटलं, वायरी बघून दबकल्या.

"या ताई, मेन स्विच बंद आहे."

"करंट काय करते ते पाहून झालं सर. तुम्ही फळ्यावर लिहाले लावाल, त्याची भीती वाटते."

*

आमच्याकडे एक नियम आहे. वायरीला जो हात लावणार, त्यानं मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी लाइन चालू करू शकत नाही. रिटायर्ड वॉचमन मानकरकाका एकदा तो फ्यूज खिशात घेऊन सरळ घरी गेले. मे महिन्याची दुपार, सगळे पंखे बंद, पार्लरच्या बायका घामाघूम. मी फोन केला तर काका म्हणाले, "आणून देतो. पण तुम्हीच सांगतलं ना सर, कोणाले देऊ नका म्हणून?"

*

वनिताताईंचा नवरा वायरमन होता. तो खांबावर असताना खालून कुणीतरी लाइन चालू केली. तेव्हापासून सासूबाई घरातला बल्बसुद्धा कुणाला बदलू देत नाहीत. म्हणून ताईंनी घरी सांगितलेलं, शिवण शिकते. खरं कळलं तर कोर्स बंद, आणि पास झाल्यावर मिहानच्या कारखान्यात मिळणारी मेंटेनन्सची नोकरीही गेली. ताईंचं घर त्याच पगारावर चालणार होतं.

शिवणक्लासच्या बायका दर आठवड्याला ताईंना घरी दाखवायला एक ब्लाउज शिवून द्यायच्या. मग ती बॅच संपली आणि नवशिक्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, शिकून शिकून तुझा हात बिघडून राहिला?"

*

एक दिवस ऑफिसचा फोन मी उचलला.

"वनिताची सासू बोलून राहिली. तुम्ही शिवणाचे मास्तर का?"

घाबरून हो म्हणालो.

"मंग बाहीची लांबी किती ठेवता?"

माझ्या हातात वायरीचं भेंडोळं होतं. तोंडातून निघून गेलं, "दीड मीटर."

पलीकडून फोन ठेवला गेला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या एका शब्दानं त्या बाईची नोकरी गेली, असंच वाटत राहिलं.

*

परीक्षेच्या दिवशी ताईंची म्हातारी सासू कन्हानहून एकटी आली.

वनिताताई शिडीवर उभ्या राहून छताचा पंखा बसवत होत्या. दाराकडे पाठ. परीक्षक बाजूला खुर्चीवर. दारात सासूबाई दिसल्या. यांनी नुसती हाक मारली तरी ताई दचकून खाली पडतील.

सासूबाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. त्यांचे हात इतके कापत होते की शिडी वाजायला लागली. ताईंनी खाली पाहिलं.

"खाली काहून पाहून राहिली वं? मी धरली हाय. तू नट कस."